केळीच्या वखारीतली पाखरं

रावेर, ता. १० सप्टेंबर १९३७

ती. अक्का,

पाया पडतो. तू पाय मागे घेशील हे ठाऊक आहे, तरी पडतो.

गेल्या वर्षी धुळ्याला तुझ्या खोलीत मी "आता घरी चल" म्हणालो आणि तू म्हणालीस, "चहा झाला असेल तर तुझ्या गाडीची वेळ झाली." मी कप तसाच टाकून उठलो. त्याला वर्ष होऊन गेलं. ना तू लिहिलंस, ना मी. दोघंही आबांचीच लेकरं, दुसरं काय होणार!

मध्यंतरी कोर्टाच्या कामाला धुळ्याला गेलेल्या आपल्या गावच्या माणसाकडून कळलं, की तुझे डोळे आता अक्षर धरत नाहीत, शाळेनेही तुला मोकळं केलं आणि शेजारच्या लताबाई तुला पत्रं वाचून दाखवतात. तेव्हा लताबाई, आधी तुम्हाला नमस्कार. मी बहिणीला मधूनमधून रागाने लिहिणार आहे. ते गाळू नका, आणि मऊ करूनही वाचू नका. तिला मऊ बोलणं पचत नाही.

अक्का, घाबरू नकोस, मी तुला पुन्हा घरी चल म्हणणार नाही. तू या घरातून जाताना काय बोललीस ते मला पाठ आहे. "बसून खाणार नाही. या घरचा घास घेईन तो कमावून घेईन, नाही तर घेणार नाही." बावीस वर्षं झाली. आबा गेले तेव्हा आलीस, तीही स्टेशनवरचे चणे पदरात बांधून. अंगणात बसून ते खाल्लेस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. कुंदाने तुझ्यासाठी वाढलेलं ताट झाकून ठेवलं होतं, ते शेवटी गाईला घातलं. असो. तो विषय मी काढणारच नव्हतो.

विषय वेगळाच आहे. आपली वखार रिकामी पडली आहे. गोठ्यापलीकडची, केळी पिकवायची. जाड भिंती, एक दार, खिडकी नाही, वर मातीचं धाबं. आता केळी हिरवीच वॅगनीत चढतात आणि दिल्लीकडे जातात, घरी पिकवायला ठेवतो कोण? मी ठरवलंय की तिथे पाखरांची खोली करायची. पिंजरा नव्हे, खोली. धाब्याला मोठा चौकोन पाडून वर जाळी आणि काच बसवायची, दक्षिणेच्या भिंतीत दोन खिडक्या फोडायच्या, आत केळी, कर्दळ, अळू, लिंबू लावायचं आणि मधोमध एक छोटं तळं. तऱ्हेतऱ्हेची पाखरं एकत्र, मोकळी. माणसानेही आत जाऊन बसावं.

कुंदाने हे ऐकलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "मानसाइले झोपाले जागा नाही अन् पाखराइले बंगला!" घरात माणसं किती, तर आम्ही दोघं. पोरगी सासरी. पण बोलायचं म्हणून बोलते ती.

मला यातलं काही कळत नाही, हे तुला माहीत आहेच. तेव्हा विचारतो. पोपट आणि मुनिया एकत्र ठेवले तर चालतील ना? तळं किती खोल असावं? कडेने कण्हेर लावावी म्हणतो, फुलं छान येतात. आणि सुगरणीची एक जोडी आणली तर घरटी बघायला मिळतील.

कशासाठी हा उपद्व्याप, असं तू विचारशील. माणसाला हौस नसते का?

तुझा जीवराम


रावेर, ता. ६ ऑक्टोबर १९३७

ती. अक्का,

तुझं कार्ड आलं. लताबाई, तुमचं अक्षर किती वळणदार आहे हो, आणि आत मजकूर काय, तर माझी हजेरी! कुंदाला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मग मी न सांगताच तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा ती म्हणाली, "पाठ करू राह्यले काय?"

"पोपट आणशील तर तो एका दिवसात केळीच्या पानांच्या चिंध्या करील आणि मुनियांचे पाय तोडील. सुगरण दिसते साधी, पण कोंडली की दुसऱ्यांची डोकी फोडते. कण्हेर विषारी. तळ्याचा काठ हात टेकवावा इतका उथळ हवा, नाही तर लहान पाखरं अंघोळीला उतरतील आणि बुडतील. हौस असेल तर नीट कर, नसेल तर केळी पिकव."

अक्का, तू इतका वेळ माझ्यावर रागावून बोललीस याचाच मला आनंद झाला. कण्हेरीची रोपं मी उपटून टाकली. (लावलीच नव्हती, पण समज उपटली.)

तळ्याचं काम झिपरू गवंड्याला दिलंय. पारोळ्याकडचा माणूस आहे, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. खड्डा पाहून म्हणाला, "भाऊ, पाखरेस्नाकरता तळं? मी जनममा आयकं नही." मी म्हटलं, आता ऐकलंस ना, मग खण. तो रोज नवीन शंका काढतो. पाखरं पाण्यात घाण करतील, मग ते पाणी कोण बदलेल? हे मात्र खरं होतं. तेव्हा आम्ही विहिरीच्या पाटातून एक नळी भिंतीतून आत घेतली आणि दुसऱ्या अंगाने पाणी बाहेरच्या केळीत सोडलं. पाणी आत येतं, फिरतं आणि बागेत जातं. झिपरूला हे स्वतःलाच सुचलं असं वाटतंय. वाटू दे.

धाबं फोडलं त्या दिवशी मी आत उभा होतो. पहिली कुदळ आरपार आली आणि वखारीत ऊन पडलं. आपण लहानपणी तिथे अंधारात हात पुढे करून चालायचो, घड पिकले की वासावरून शोधायचो, आठवतं? तू मला सांगायचीस की वरच्या फळीवरचा घड पिकलाय, आणि तो पिकलेलाच निघायचा. मला वाटायचं तुला अंधारात दिसतं.

आता पुढचं विचारतो. जमिनीवर लावरी आणि होले, मधल्या झुडपात मुनिया, वरच्या फांद्यांवर बुलबुल अशी मांडणी मी मनात धरलीय. तळ्यात मासे सोडणार आहे, तेव्हा काठाशी एक खंड्या हवाच. निळा रंग असा दिसेल पाण्यावर! चालेल ना?

आणखी एक. शिंजीर ठेवता येईल का? तू पाटाच्या बांधावर बसून मला तो दाखवायचीस, केळीच्या लालसर कमळाला उलटा लटकलेला. मी बोटाने दाखवायला गेलो की तो उडायचा आणि तू माझ्या डोक्यात टपली मारायचीस. मला तेव्हापासून केळफूल दिसलं की डोकं चोळायची सवय आहे. कुंदा हसते.

तुझा जीवराम


रावेर, ता. २८ ऑक्टोबर १९३७

ती. अक्का,

खंड्या रद्द. "तो तुझे मासे खाईल आणि मग भुकेने मरेल", बरोबर. शिंजीरही रद्द. "त्याला मध लागतो, फुलं संपली की तो दोन दिवस जगत नाही. त्याला बागेत राहू दे, बागच त्याची आहे." हेही बरोबर. आणि लावऱ्यांचं तू लिहिलंस ते मला खरोखर सुचलं नसतं, की लावरी दचकली तर सरळ वर उसळते आणि डोकं आपटून घेते, म्हणून जाळीखाली कापड ताणून ठेव. कुंदाचं जुनं लुगडं ताणलंय. तिने आधी कटकट केली, मग स्वतःच शिवून दिलं.

तळ्याची गंमत सांगतो. झिपरूने चुन्याची घोटाई अशी केली की तोंड दिसावं. मी त्याच दिवशी पाणी सोडलं आणि नदीवरून आणलेले चिंगूळ मासे टाकायला निघालो. झिपरूने माझा हात धरला. "भाऊ, चुना नवा शे. बठ्ठा मासा मरी जातीन." मग काय करायचं? तर म्हणे महिना-दोन महिने थांबा. मला धीर कुठला! शेवटी कुंदा म्हणाली, "केयीचे खुंट टाका नं त्याच्यात. नव्या हौदात मही माय टाके." बागेतले घड काढून झालेले खुंट होतेच. त्यांच्या चकत्या करून तळं भरून टाकलं. वखारीत असा वास सुटला की झिपरू नाकाला रुमाल बांधून यायचा. पाणी काळं झालं, मग ते सोडून दिलं, पुन्हा खुंट, पुन्हा पाणी. आता पाणी गोड झालंय. मासे पोहतायत. केळीवाल्यांनी केळीनेच काम भागवलं.

बऱ्हाणपूरच्या बाजारातून लाल मुनिया आणल्या, ठिपक्यांच्या आणल्या, लावऱ्यांच्या दोन जोड्या, होले आणि बुलबुलांची एक जोडी. पहिले दोन दिवस कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली होती. काल सकाळी मी आत गेलो तर एक मुनिया काठावर बसून पाणी अंगावर उडवत होती. तिचं बघून दुसरी, मग तिसरी. मी दारातच उभा राहिलो. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. वय झालं बहुतेक.

दिवाळी जवळ आली की तू मला बागेत नेऊन डोळे मिटायला लावायचीस. मग म्हणायचीस, "सांग, कोण बोललं?" मी दहात एक सांगायचो. तू डोळे मिटून सगळी सांगायचीस. वर, कुठल्या झाडावर, एकटा की जोडीने, हेही सांगायचीस. एकदा तू म्हणालीस, "तो चंडोल आज भ्याला आहे," आणि खरंच थोड्या वेळाने वरून ससाणा गेला. आईनंतर मला तूच वाढवलंस, अक्का. माझ्या पोटात जे काही शहाणपण आहे, ते तुझ्या हातच्या भाकरीतून आलंय. तुझं लग्न होऊन तू गेलीस तेव्हा मी गोठ्यात लपून रडलो होतो, आणि वर्षभरात तू पांढऱ्या कपाळाने परत आलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. एवढा लहान होतो मी. मला वाटलं, माझ्यासाठी आलीस.

खोलीत मी एक बाक ठेवलाय, तळ्याजवळ, उन्हाच्या कडेला. पाठ टेकायला भिंत आहे. तिथे बसलं की सगळ्यांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. बघायची गरज नाही. एक दिवस येऊन ऐकून जा. सकाळच्या गाडीने ये, संध्याकाळच्या गाडीने जा. चणे तुझे तू आण.

तुझा जीवराम


रावेर, ता. २५ नोव्हेंबर १९३७

अक्का,

लताबाई, हे पत्र जसंच्या तसं वाचा. अक्का, तुझं कार्ड समोर ठेवून लिहितोय.

"जिवा, पोपट चावतो हे तू मला विचारतोस? तुझ्या उजव्या हाताच्या बोटावर पोपटाचीच खूण आहे. तू चार वर्षांचा होतास, चिंधी मी बांधली होती. तुला सगळं येत असताना विचारतोस आणि मी इथे बसून उत्तरं देत राहिले, म्हणजे मीच आंधळी. तू पाखरांसाठी खोली बांधली नाहीस. माझ्यासाठी बाक बांधलास. मला अशी सोय नको आहे. यापुढे लिहू नकोस."

ठीक आहे. पकडलंस. पण मग पूर्ण ऐक.

हो, मी विचारण्यासारखं काही नसताना विचारलं. कारण सरळ विचारलं की तू चहाचा कप दाखवतेस. हो, बाक तुझ्यासाठी आहे. धाबं तुझ्यासाठी फोडलं. तुझे डोळे गेले तर पांझरेकाठच्या त्या कोंदट खोलीत तू भिंतीकडे तोंड करून बसशील, हे मला सहन होत नाही. सहन होत नाही म्हणून बांधलं. यात लाज कसली?

आबा तुला म्हणाले होते, "पाट लाव, नाही तर घरात बसून खा, शाळा मात्र नाही." आपल्यात विधवेचा पाट लागतो, चांगलं स्थळही आलं होतं. तू दोन्हीला नाही म्हणालीस. मी तेव्हा दाराआड उभा होतो. तुझ्या बाजूने एक शब्द बोलायचं वय आणि हिंमत दोन्ही नव्हती. तू गेलीस, शिकलीस, शंभर मुलींना लिहायला शिकवलंस. मला तुझा अभिमान आहे, हे मी भुसावळच्या फलाटावर अनोळखी माणसांनाही सांगतो. पण आबा जाऊन किती वर्षं झाली? तू अजून कुणाशी भांडतेस? घरात आता भांडायला मी आणि कुंदा आहोत, आणि आमचं तुझ्याशी भांडण नाही.

बसून खायला लाज वाटते म्हणतेस. मी लहानपणी तुझ्या हातचं बसूनच खाल्लं की! तेव्हा तू मला कमावून खा म्हणाली नाहीस.

लिहू नकोस म्हणालीस. बरं. नाही लिहिणार.

जीवराम


रावेर, ता. १२ जानेवारी १९३८

अक्का,

लिहिणार नव्हतो. लिहितो आहे, कारण दुसऱ्या कुणाला विचारू ते कळत नाही.

चार दिवसांपूर्वी इकडे थंडीची लाट आली. बागेतली केळीची पानं काळी पडली. सगळं गाव बागेच्या कडेने ओला पाला पेटवून धूर करत होतं. मीही केला. कालही दिवसभर तेच केलं. संध्याकाळी घरी आलो तो वखारीत डोकावलो. मुनिया फांदीवर गोळा होऊन बसल्या होत्या, पिसं फुगवून, थरथरत. मला वाटलं, रात्रीत ही गारठून मरतील.

आणि मी काय केलं सांगू? खिडक्यांना ओलं पोतं लावलं, धाब्याच्या काचेची फट बुजवली, कोपऱ्यात मडक्यात शेणी आणि भाताचा कोंडा पेटवून ठेवला, दार लावलं आणि दाराच्या फटी शेणामातीने लिंपल्या. जन्मभर केळी पिकवताना केलं, तेच. हात आपोआप चालले. त्या खोलीत थंडीच्या दिवसांत जे करायचं, तेच हातांना ठाऊक. शेवटची फट लिंपताना मला समाधान वाटत होतं, अक्का. आता ऊब धरेल असं मी स्वतःशीच म्हणालो.

आज सकाळी दार कुंदाने उघडलं. तिची हाक ऐकून मी धावलो. धूर वर चढतो आणि बुलबुल वरच बसतात. दोन्ही खाली पडले होते. लाल मुनिया कर्दळीखाली, ओळीने. मी त्या उचलून मोजायलासुद्धा धजलो नाही. होले आणि लावऱ्या तळ्याच्या काठाशी जमिनीला चिकटून होत्या, त्या जगल्या. ठिपक्यांच्या मुनिया काही जिवंत आहेत, पण चोच उघडी टाकून बसल्यात, दाणा घेत नाहीत, हाक मारावी तर हलत नाहीत. कुंदाने सगळ्यांना पदरात घालून ओट्यावर आणलं. ती एरवी मला बोलायची संधी सोडत नाही. आज ती फक्त म्हणाली, "अक्काले लिवा. मले काही सुचत नाही अन् तुमच्याच्यानं होत नाही."

मी पाखरांसाठी बांधलं नाही असं तू म्हणालीस, ते खरं होतं. पण ती आली, तळ्यात न्हाली, आणि मी रोज सकाळी चहाच्या आधी त्यांच्याकडे जायला लागलो. आता मी त्यांच्यासाठीच विचारतो आहे. आजवर तुला जे विचारलं ते येत असून विचारलं. हे मला येत नाही. त्यांना कुठे ठेवू? काय देऊ? पाणी पाजू की नको? उरलेली कशी जगवू?

ये असं म्हणत नाही. काय करू तेवढं कळव. लवकर कळव.

जिवा


धुळे, ता. १४ जानेवारी १९३८

जीवराम,

खिडक्या, धाबं, दार सगळं उघड. पोती काढ. भिंतींना पाणी मारून धुऊन घे, धूर भिंतीत बसतो. जिवंत आहेत त्यांना चुलीपाशी नेऊ नका, तिथेही धूरच. रुंद टोपलीत खाली गवत, वर पातळ फडकं, उन्हात पण वाऱ्याच्या आडोशाला. हात लावू नका. पाण्यात गुळाचा खडा विरघळवून कापसाच्या बोळ्याने चोचीच्या कडेला लावा, आत ओतू नका. राळे भिजवून समोर ठेवा, खातील तेव्हा खातील.

हे कार्ड पोचेपर्यंत यातली आणखी काही जातील. आणि हे सगळं तुम्ही दोघं कराल आणि तरी एखादी गोष्ट चुकवाल. म्हणून कार्डाच्या मागोमाग मी निघते. लताबाईंचे यजमान चाळीसगावला गाडीत बसवून देतील. भुसावळला माणूस पाठव, मला पाटी दिसत नाही. रावेरला तू स्वतः ये. वाटेत घरच्या गोष्टी बोलू नकोस. कोणतं पाखरू कसं बसलं आहे आणि कोणाचा श्वास कसा चालतो, तेवढंच सांग.

अक्का

(जीवरामभाऊ, हे सांगताना अक्कांनी मध्येच मला थांबवलं आणि पेटी कुठे आहे ते विचारलं. बाकी काही मी गाळलेलं नाही. – लता)


रावेर, ता. २३ जानेवारी १९३८

सौ. लताबाईंस,

तुम्ही आमची सगळी पत्रं वाचलीत, तेव्हा शेवटही तुम्हाला कळवणं माझं काम आहे. आता हे पत्र तुम्हाला तुमच्यासाठीच वाचायचंय, मोठ्याने नाही.

अक्का सकाळच्या गाडीने उतरली. मी तिला हात दिला, तिने तो घेतला. बैलगाडीत तिने बजावल्याप्रमाणे मी पाखरांचंच सांगत गेलो. काही पाखरं कार्ड पोचायच्या आधीच गेली होती, तेही सांगितलं. घराशी आल्यावर कुंदा ओट्यावर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. अक्का ओट्यावर चढलीच नाही. गोठ्याच्या बाजूने भिंतीला हात लावत लावत सरळ वखारीकडे गेली. बावीस वर्षांनीही तिला ती वाट पायाने ठाऊक होती.

आत गेल्यावर मी बाक दाखवला. तिने बाकाकडे लक्षच दिलं नाही. एक पालथी टोपली घेतली, पाखरांच्या पाटीपाशी बसली आणि म्हणाली, "सगळे गप बसा." मीही गप्प, कुंदाही. झिपरू खिडकीची चौकट नीट करायला आला होता, तोही हातोडी खाली ठेवून उभा राहिला. अक्काने मान तिरपी केली आणि ऐकत राहिली. मग एका ठिपक्याच्या मुनियेवर नेमका हात नेला आणि म्हणाली, "हिची छाती वाजते. हिला बाकीच्यांपासून वेगळी ठेव." मला तिची छाती वाजलेली अजिबात ऐकू आली नव्हती.

दिवसभर ती तिथून हलली नाही. कापसाचा बोळा, गुळाचं पाणी, भिजलेले राळे. एका वेळी एक पाखरू. मी पाणी आणत होतो, गवत बदलत होतो आणि चुकलो की बोलणी खात होतो. दुपारी कुंदा जेवायला बोलवायला आली. "जेवायला नाही आले मी," अक्का म्हणाली. तासाभराने कुंदा पुन्हा आली, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा कुंदा आली ती नुसती दाराशी बसून राहिली, पदराने डोळे टिपत. मला वाटलं, संपलं. पाखरं जगतील आणि अक्का संध्याकाळच्या गाडीने परत जाईल. पदराला चणे बांधलेले मला दिसले होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती छाती वाजणारी मुनिया हलली. पाय सरळ केले, पिसं झटकली आणि समोरच्या वाटीतला एक राळ्याचा दाणा उचलला. मी काहीतरी ओरडलो असणार, कारण अक्काने मला कोपराने ढोसलं. तिला तो दाणा दिसला नव्हता. चोच वाटीला लागल्याचा आवाज तिने ऐकला होता. पाखरू दुसरा दाणा घेईपर्यंत ती थांबली. मग तिसरा.

मग ती उठली. गुडघे धरून, हळू. तळ्याच्या नळीखाली हात धुतले आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "कुंदा, काय केलं आहे?"

कुंदाला आधी समजलंच नाही. मग ती घाईघाईने म्हणाली, "ज्वारी-उडदाच्या कयन्याची भाकर, अन् वांग्याचं भरीत हाये, अक्का."

आणि लताबाई, तुमच्याकडे जी पुस्तकी बोलते ना, ती आमची मास्तरीण म्हणाली, "वाढ मंग. दिवसभर काम केलं मी. भूक लागली मले."

ओट्याची पायरी ती हात टेकत टेकत चढली. पाटावर बसली. कुंदाने इतकं भरीत वाढलं की ते ताटाबाहेर सांडलं. अक्काने पहिला घास घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला. मी तिच्यासमोर बसलो होतो, पण मला माझ्या ताटात काय आहे ते दिसत नव्हतं. वखारीतून लावऱ्यांचा आवाज येत होता.

किती दिवस राहणार, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. काल तिने झिपरूला दोन्ही खिडक्यांना झडपा लावायला सांगितल्या, पुढच्या हिवाळ्यासाठी. तुम्हाला तिने निरोप दिलाय की पेटीतली राहिलेली दोन लुगडी कोणी येणारा असेल त्याच्याबरोबर पाठवा.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. पहिली भाकर संपली तेव्हा कुंदा विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काने ताट पुढे सरकवलं. दुसरी भाकर तिने स्वतः मागून घेतली.

आपला,
जीवराम